लेकरांची यात काय चूक?

रात्री इतवारी बाजारातल्या दुकानांची शटरं खाली येतात, हमाल, दिवाणजी घराकडे निघतात. अशा वेळी एखाद्या घरात एक लेकरू जिन्यावरच्या पावलांचा कानोसा घेत असतं. पाऊल सरळ पडलं तर वही उघडायची, अडखळलं तर धाकट्या बहिणीला घेऊन आतल्या खोलीत जायचं. घरातलं बाहेर बोलायचं नाही, हे त्याला न सांगताच कळलेलं असतं. बाबा आपल्यामुळेच पितात, असंही त्याला वाटत असतं.

डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसन हा आजार आहे आणि त्याची झळ साऱ्या घराला बसते, हे ओळखून तिथे कुटुंबालाही आधार दिला जातो. पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. दारू सुटली म्हणून मुलाचा विश्वास लगेच परत येत नाही. त्यासाठी दिलेला शब्द रोज पाळावा लागतो.

तुमच्या घरी हे दुःख असेल, तर लपवू नका. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर आजच फोन करा. मूल संकटात असेल, तर १०९८ लावा. आणि लेकराला जवळ घेऊन स्पष्ट सांगा, यात तुझी काहीच चूक नाही.