महाविद्यालयाच्या आवारातला मांडव

महाविद्यालयीन कार्यक्रम म्हटले की नांदेड-लातूरकडे चार गोष्टी डोळ्यांसमोर येतात. जानेवारी-फेब्रुवारीतले स्नेहसंमेलन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचे गॅदरिंग, विद्यापीठाचा युवक महोत्सव, राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर, आणि महाविद्यालयाच्या आवारात गावासाठी होणारी व्याख्याने, मैफली, संमेलने. पहिल्या तीन विद्यार्थ्यांच्या आणि चौथी समाजाची, अशी वाटणी कागदोपत्री केली जाते. या दोन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांचा जन्म पाहिला की ती वाटणी टिकत नाही. महाविद्यालय आधी आणि त्याचे समाजकार्य नंतर, असा क्रम इथे नव्हताच.

हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948 रोजी मुक्त झाले आणि दोनच वर्षांनी, 1950 मध्ये, नांदेड एज्युकेशन सोसायटीने पीपल्स कॉलेज काढले. प्रेरणा मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांची होती. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाची वाट हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे जात असे आणि तिथे शिकण्याची भाषा उर्दू होती. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळायला 1958 साल उजाडले. अशा प्रदेशात मुक्तिसंग्रामातून आलेल्या माणसांनी महाविद्यालय काढले आणि त्याला लोकांचेच नाव दिले. लातूरला दयानंद महाविद्यालय 1961 मध्ये आणि राजर्षी शाहू महाविद्यालय 1970 मध्ये सुरू झाले. तेव्हा लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते, जिल्हा व्हायला त्याला 1982 पर्यंत थांबावे लागले. नांदेडजवळच्या विष्णुपुरीला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 साली स्थापन झाले, तेही 17 सप्टेंबरचा मुहूर्त धरून. नांदेड, लातूर, परभणी आणि (1999 पासून वेगळा जिल्हा झालेला) हिंगोली हे त्याचे कार्यक्षेत्र. पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे हे लातूरच्या शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले. मुक्तिसंग्रामाची तारीख आणि त्या संग्रामाच्या नेत्याचे नाव घेऊन उभे राहिलेले विद्यापीठ आपल्या आवाराच्या भिंतींपुरते राहावे, अशी कल्पना त्याच्या संस्थापकांनी केली नसणार.

त्या पिढीने महाविद्यालय आणि गाव यांच्यातला उंबरा किती सहज ओलांडला, याचे सर्वांत लख्ख उदाहरण नरहर कुरुंदकरांचे. पीपल्स कॉलेजचे प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य झालेले कुरुंदकर वर्गात जे बोलत, तेच खेड्यांतल्या व्याख्यानमालांत, शिक्षकांच्या शिबिरांत, साहित्याच्या सभांत बोलत. नाट्यशास्त्र असो, मनुस्मृती असो की हैदराबादचा मुक्तिलढा, ऐकणारा पदवीधर आहे की नाही यावरून त्यांच्या मांडणीची पातळी उतरत नसे. 10 फेब्रुवारी 1982 रोजी औरंगाबादला त्यांचे निधन झाले, तेही एका कार्यक्रमाच्या व्यासपीठावर. वय पन्नाशीच्या आतले होते. त्यांच्यामुळे नांदेडला एक सवय लागली. महाविद्यालयातल्या व्याख्यानाला दुकानदार, वकील, शाळामास्तर येऊन बसू शकतात, प्रश्न विचारू शकतात आणि प्राध्यापकाला त्यांची उत्तरे द्यावी लागतात. आज अनेक महाविद्यालयांत जयंती-पुण्यतिथीचे जे व्याख्यान होते, त्यात प्रतिमापूजन, हार, पाहुण्यांचा परिचय, सत्कार आणि आभार यांत तासातला बहुतेक वेळ जातो, आणि प्रश्नांसाठी वेळ नसतो. खरी उणीव तिथे आहे.

स्नेहसंमेलनाकडे गंभीर लोक सहसा दुर्लक्ष करतात. नाचगाणी, फिशपॉन्ड, साडी डे, बक्षीस समारंभ, एवढ्यात ते संपते असा समज आहे. पण गॅदरिंगमधले शिक्षण पडदा उघडण्याच्या आधी झालेले असते. मांडववाल्याशी दर ठरवणे, ध्वनिक्षेपकाची परवानगी काढणे, वर्गणीचा हिशेब वहीत लिहिणे, दोन गटांतले भांडण मिटवणे, एकांकिकेतल्या मुलीच्या घरी जाऊन वडिलांची समजूत घालणे, ही कामे कोणत्याही अभ्यासक्रमात नाहीत. मराठवाड्यातल्या ग्रामीण विद्यार्थ्याला ती करण्याची पहिली संधी, आणि पुष्कळदा एकमेव, इथेच मिळते. म्हणूनच सगळे काम इव्हेंटवाल्याच्या हाती देऊन मुलांना खुर्चीवर बसवणाऱ्या महाविद्यालयाने कितीही झगमगाट केला, तरी त्याने मुलांच्या हातचे घेतलेले असते.

या तयारीत कोण राहू शकते, हे मात्र एसटीचे वेळापत्रक ठरवते. शहरातल्या महाविद्यालयांत शिकणारी कितीतरी मुले-मुली पासावर ये-जा करतात. त्यांच्यासाठी शेवटची गाडी म्हणजे रात्री गावात थांबणारी मुक्कामी गाडी, आणि तीही चुकली तर घरी पोचण्याचा मार्ग नाही. सायंकाळी सहानंतरच्या तालमीला मग शहरात राहणारी किंवा वसतिगृहातली मुलेच उरतात. मुली आधी गळतात. तरीही दरवर्षी 'मुलींचा प्रतिसाद कमी' अशी खंत व्यक्त होते. मुलींना हौस नाही असा तिचा अर्थ निघतो, पण प्रश्न शेवटच्या गाडीचा आहे. ज्यांनी तालमीची वेळ सकाळच्या तासांनंतर, भर दुपारी आणली, त्यांच्या संघात मुली दिसतात. युवक महोत्सवातली नाटके आणि समूहगीते पाहताना हा फरक नजरेत भरतो.

युवक महोत्सवाची परंपरा देशात 1954 पासूनची, दिल्लीत झालेल्या पहिल्या आंतरविद्यापीठ महोत्सवापासूनची. संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मयीन आणि ललित कला असे त्याचे पाच विभाग ठरून गेले आहेत. महाराष्ट्रात राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने 2003 पासून 'इंद्रधनुष्य' हा विद्यापीठांचा महोत्सव होतो, संशोधनासाठी 'आविष्कार' आणि खेळांसाठी 'अश्वमेध' आहे. नांदेड विद्यापीठाचा महोत्सव 'ज्ञानतीर्थ' या नावाने ओळखला जातो आणि त्याचे यजमानपद चार जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांकडे जात असते. महोत्सवात सर्वांत मोलाचे हे फिरते यजमानपदच आहे. शेकडो मुलांची राहण्या-जेवणाची सोय करताना यजमान गावातले मंगल कार्यालय, शाळा, स्वयंपाकी, तालमीला जागा देणारे शेजारी असे सगळेच महोत्सवात ओढले जातात. तालुक्याच्या गावात दोन-तीन रंगमंचांवर एकाच वेळी मूकाभिनय, वादविवाद आणि पोवाडा चालू असतो आणि बाजाराला आलेला माणूस शोभायात्रा बघत थबकतो. दुष्काळ, हुंडा, शेतकरी आत्महत्या हे विषय शोभायात्रेत येतात ते बघणाऱ्यांच्याच घरचे म्हणून.

लोककलांच्या स्पर्धांविषयी थोडे थांबून बोलायला हवे. पोवाडा, भारूड, लावणी, गोंधळ हे प्रकार रंगमंचावर आणणाऱ्या मुलांच्या गावात ते गाणारी माणसे अजून आहेत. गोंधळी आहेत, जागरण घालणारे वाघ्या-मुरळी आहेत, भीमजयंतीला गाणाऱ्या गायन पार्ट्या आहेत. संघ जेव्हा त्यांच्याकडे जाऊन शिकतो, तेव्हा महाविद्यालय आणि गाव यांच्यात काही तरी खरे घडते: ज्याला आजवर महाविद्यालयाचे दार दिसले नव्हते, तो तिथे गुरू म्हणून येतो. पण गुणांच्या ओढीने बाहेरून नृत्यदिग्दर्शक आणून, ध्वनिमुद्रित गाण्यावर, पंधरा दिवसांत बसवलेली लोककला वाढते आहे. ती देखणी असते आणि बक्षीसही आणते. गावाकडून मात्र तिने काही घेतलेले नसते. परीक्षकांनी संघाला 'हे कुणाकडून शिकलात' एवढे विचारून त्यावर थोडे गुण ठेवले, तरी या वळणाला आळा बसेल.

राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास काम करायचे आणि एकदा सात दिवस दत्तक गावात राहायचे, असा तिचा सांगाडा. शिबिराचा दिवस ठरलेला असतो: पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, सायंकाळी गटचर्चा, रात्री मंदिरापुढे किंवा चावडीसमोर सांस्कृतिक कार्यक्रम. शोषखड्डे, नालाबांध, झाडे, गावाचे सर्वेक्षण ही नेहमीची कामे. या कामाची चेष्टा करणे सोपे आहे, कारण सात दिवसांत पन्नास मुले किती खणणार? पण मराठवाड्याने या तयारीची गरज अनुभवलेली आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र संपता संपता, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादची गावेच्या गावे दगडमातीच्या भिंतींखाली गेली, हजारो माणसे मेली. ढिगारे उपसायला, जेवण पोचवायला, बेवारस मुलांची नोंद करायला जे हजारो तरुण राज्यभरातून आले, त्यांत महाविद्यालयांचे विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. अनोळखी गावात राहणे, तिथल्या माणसांशी बोलणे, रांग लावणे, यादी करणे या साध्या गोष्टी ज्यांनी आधी कधी केल्या होत्या, त्यांचा तिथे खरा उपयोग झाला. विद्यापीठांच्या स्वयंसेवकांसाठी होणारे 'आव्हान' हे आपत्ती व्यवस्थापनाचे शिबिर याच गरजेतून आलेले आहे. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या जिल्ह्यात पाण्याच्या कामाला जोडलेले श्रमदान नुसते प्रतीकात्मक राहत नाही, मात्र जागा पाणलोट पाहून निवडलेली हवी. मुलांच्या सोयीने रस्त्याकडेला निवडलेल्या खड्ड्यात पावसाळ्यात पाणी येत नाही, आणि पुढच्या वर्षी तेच गाव शिबिराला उत्साहाने जागा देत नाही.

आता लातूरचीच दुसरी बाजू. शाहू महाविद्यालयातून पुढे आलेला 'लातूर पॅटर्न' हा अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत कसून सराव घेण्याचा मार्ग. प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडलेले आहे. शेतकऱ्याची, शाळामास्तरची मुले त्यामुळे वैद्यकीय आणि अभियांत्रिकीला गेली. मागास म्हणून हिणवलेल्या प्रदेशाने गुणवत्ता यादीत जागा मिळवली, आणि हे यश लहान नाही. पण त्याच यशातून लातूरला 'ट्युशन एरिया' उभा राहिला. परजिल्ह्यांतून आलेली हजारो मुले तिथे खोल्या, मेस आणि शिकवण्यांच्या त्रिकोणात दोन-तीन वर्षे काढतात. या मुलांना गॅदरिंग नाही, शिबिर नाही, वक्तृत्व स्पर्धा नाही. ज्या शहरात ती राहतात, त्या शहराशी त्यांचा संबंध घरमालकापुरता उरतो. सोळा ते अठरा हे वय नाटकात पहिल्यांदा उभे राहण्याचे, पहिली कविता भित्तिपत्रकावर लावण्याचे असते. नेमकी तीच वर्षे रिकामी जातात आणि पदवीला आल्यावर ती भरून निघत नाहीत. कार्यक्रमांमुळे गुण कमी होतात ही भीती पालकांच्या मनात खोल आहे, आणि एका गुणावर जागा हुकण्याच्या स्पर्धेत ती निराधारही नाही. तरीही आठवड्यातून एक संध्याकाळ या मुलांसाठी मोकळी ठेवणे लातूरच्या महाविद्यालयांना आणि शिकवण्यांना ठरवले तर जमण्यासारखे आहे. पॅटर्न घडवणाऱ्या शहराकडून ही अपेक्षा करणे गैर नाही.

महाविद्यालयाचे आवार पुरते उघडले की काय होऊ शकते, याची उदाहरणेही याच भागात आहेत. नांदेडच्या यशवंत महाविद्यालयात माजी मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण आणि कुसुमताई चव्हाण यांच्या स्मरणार्थ होणारा 'संगीत शंकर दरबार' हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव शहराचाच झालेला आहे. रागसंगीत ऐकायला एरवी मुंबई-पुण्याकडे पाहावे लागणाऱ्या शहराला ते आपल्या मैदानात ऐकता येते. 22 ते 24 एप्रिल 2022 या तीन दिवसांत उदगीरच्या महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालयाच्या प्रांगणात 95 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते भारत सासणे. त्याच सुमारास उदगीरमध्येच विद्रोही साहित्य संमेलनही झाले. मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू अशा भाषा ज्या सीमेवरच्या गावात रोज कानावर पडतात, तिथल्या विद्यार्थ्यांनी एका आठवड्यात साहित्याच्या दोन मांडण्या जवळून पाहिल्या. त्यांतल्या पुष्कळांनी पाहुण्यांना स्थानकावरून आणले, पुस्तकांचे गाळे सांभाळले, पाणी वाटले. एप्रिलच्या उन्हात केलेले ते काम त्यांच्या शिक्षणाचाच भाग होते.

हे सगळे आता कागदाच्या नव्या चौकटीत आले आहे. नॅकच्या मूल्यांकनात विस्तारकार्याला आणि विद्यार्थी उपक्रमांना गुण असतात, म्हणून प्रत्येक कार्यक्रमाचा अहवाल आणि जिओटॅग छायाचित्र लागते. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात सेवा योजना, क्रीडा, सांस्कृतिक उपक्रम आणि समाजसहभागाच्या प्रकल्पांना श्रेयांक मिळतात. उपक्रमाला अभ्यासाइतका मान मिळाला, ही चांगलीच गोष्ट आहे. धोका असा की छायाचित्र निघाले की उपक्रम संपला असे मानले जाते. दुसरीकडे, कार्यक्रम ठरवण्यात विद्यार्थ्यांचा आवाज क्षीण झाला आहे. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद केल्या. 2016 च्या कायद्याने त्या पुन्हा आणल्या, पण प्रत्यक्षात त्या पुढे ढकलल्या जात राहिल्या. ज्यांच्यासाठी मांडव घालायचा त्यांनी निवडून दिलेले कोणी ठरवणाऱ्यांत नसेल, तर वर्षभराचे उपक्रम परिपत्रकांच्या यादीने ठरतात.

समाजसहभागाचा श्रेयांक मात्र नीट वापरता येईल. दत्तक गावातली बहुतेक शिबिरे डिसेंबर ते फेब्रुवारीत होतात आणि 26 जानेवारीला गावोगाव ग्रामसभा भरते. शिबिर त्या आधी घेतले, तर विहिरींची पातळी, शौचालयांचा वापर, शाळा सोडलेल्या मुली यांविषयी विद्यार्थ्यांनी घरोघर फिरून जमवलेली माहिती त्याच ग्रामसभेत, त्याच विद्यार्थ्यांनी, गावाला कळेल अशा मराठीत वाचून दाखवता येते. आकडे चुकले असतील तर गावकरी तिथेच सांगतील, बरोबर असतील तर ते ठरावात जातील, आणि प्राध्यापकाला श्रेयांक देण्यासाठी वेगळा पुरावा शोधावा लागणार नाही.