प्रवेश : बक्षीस कीं वचन ?

परीक्षेचा निकाल लागला म्हणजे ज्या घरचें मूल वर येतें तेथें पेढे वाटले जातात, आणि ज्या घरचें खालीं राहतें तेथें त्या दिवशीं कोणी फारसें बोलत नाहीं. दोन्ही घरांत एकच गोष्ट गृहीत धरलेली असते : मुलाला जें मिळालें तें त्याच्या योग्यतेप्रमाणें मिळालें. तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासल्यावर माझा या गृहीतावरील विश्वास पुष्कळसा डळमळला आहे. पण परीक्षाच नको असें म्हणणाऱ्यांशींहि माझें जमत नाहीं. या पेचाचें एक बोलकें उदाहरण अमेरिकेंतील एका शाळेच्या इतिहासांत सांपडतें.

सॅन फ्रान्सिस्को शहरांतील लोवेल हायस्कूल १८५६ सालापासून चालू आहे. शाळा सरकारी, पण ती एखाद्या पेठेची नसून साऱ्या शहरांतून निवडलेल्या मुलांची आहे. अशा शाळांना तिकडे ‘मॅग्नेट’, म्हणजे लोहचुंबक, शाळा म्हणतात. तेथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति झालेले स्टीफन ब्रायर याच शाळेंतून बाहेर पडले. निवड मुख्यतः सातव्या-आठव्या इयत्तेंतील गुणांवर व परीक्षांवर होत असे. तिचा परिणाम असा कीं, चिनी व इतर आशियाई वंशाच्या मुलांचा भरणा मोठा, आणि कृष्णवर्णीय मुलें मात्र शंभरांत दोनच्या आसपास.

हा असमतोल घालविण्याचे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. १९८३ सालीं न्यायालयांत झालेल्या तडजोडीनें प्रत्येक वंशाच्या संख्येस मर्यादा पडली; तेव्हां चिनी मुलांना प्रवेशासाठीं इतरांहून अधिक गुण मिळवावे लागूं लागले. त्यांच्या पालकांनीं १९९४ सालीं दावा लावला, व १९९९ सालीं ती पद्धति गेली. पुढें २०२० सालीं महामारींत परीक्षा व नेहमींचे गुण दोन्ही बंद पडले, आणि शाळेनें सोडत काढून मुलें घेतलीं. २०२१ सालच्या पहिल्या सत्रांत नव्या वर्गाच्या ६२० विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा २४.४ जणांना निदान एका विषयांत ‘डी’ किंवा ‘एफ’, म्हणजे अगदीं खालची, श्रेणी मिळाली. आदल्या वर्षीं हेंच प्रमाण ७.९ होतें. मोठा गदारोळ झाला. जून २०२२ मध्यें शिक्षणमंडळानें चार विरुद्ध तीन मतांनीं गुणांची पद्धति परत आणली.

एक पक्ष म्हणाला, ‘पाहा, सोडतीनें शाळा बुडविली.’ दुसरा म्हणाला, ‘हीं मुलें वर्षाहून अधिक काळ घरीं यंत्रापुढें बसून शिकलीं, दोष त्याचा.’ दोघांच्याहि बोलण्यांत तथ्य आहे. पण त्या आंकड्यांत आणखीहि एक गोष्ट आहे, ती कोणी फारशी बोलून दाखविली नाहीं. वर्गांतील तीन चतुर्थांशांहून अधिक मुलें सोडतीनें येऊनहि तशी घसरलीं नाहींत; आणि जीं सुमारें दीडशें घसरलीं तीं कोणाचीं, हा प्रश्न निकालपत्रकानें सोडविला नाहीं.

गुणांना मी तुच्छ लेखीत नाहीं. परमुलुखांत येऊन उपाहारगृहांत दिवसरात्र राबणाऱ्या बापाच्या मुलानें अभ्यास करून मिळविलेल्या गुणांना, ‘हें तुझ्या वंशाचें फळ, तुझें नव्हे,’ असें म्हणणें हा शुद्ध अन्याय होय. परंतु गुण हें मुलाच्या तयारीचें प्रमाण आहे, सार्वजनिक शाळेवरील मालकीचें खरेदीखत नव्हे. चौदा वर्षांच्या मुलाच्या गुणांत त्याचे श्रम असतात, तसेच घरांतील पुस्तकें, आईची फुरसत व निवांत खोलीहि असते. तीं निराळीं काढून दाखविणारा तराजू अजून कोणीं बनविलेला नाहीं.

सोडत हा कांहीं या प्रश्नाचा निकाल नव्हे. ती कोणाच्या श्रमांचा मान राखीत नाहीं, आणि कोणाची जबाबदारीहि घेत नाहीं. केवळ निरोगी माणसांनाच दारांत घेणारा वैद्य आपल्या हातगुणाची बढाई मारूं लागला तर आपण हंसूं. पण दार सताड उघडून रोग्यांना ओसरीवर तसेंच पडूं देणाऱ्या वैद्याला दयाळू म्हणणेंहि तितकेंच हास्यास्पद आहे.

म्हणून मला वाटतें, प्रवेश हें बक्षीस नसून वचन आहे. ‘तूं येथें शिकशील,’ असें शाळा मुलाला सांगते, आणि तें खरें करण्याचा भार मुलाइतकाच तिच्यावरहि येतो. गुणांवर निवड केली तर हें वचन ज्यांना त्याची गरज सर्वांत कमी त्यांनाच दिलें जातें. दार विस्तारलें तर अधिक शिक्षक, अधिक तास आणि अधिक धीर लागेल. तयारीच्या मुलांची गति मंदावूं नये म्हणूनहि खर्च लागेल. तो सोसण्याची तयारी नसतांना विविधतेचे गोडवे गाणें म्हणजे दुसऱ्याच्या मुलाच्या जिवावर आपलें मन हलकें करणें होय.

हें मी परक्यांविषयीं लिहितों असें नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं, प्रवेशसमितींत असतांना, कमी गुणांच्या एका खेड्यांतील मुलासाठीं मीं हट्ट धरला व त्याला आंत घेतलें. त्या सायंकाळीं मी मोठ्या समाधानानें घरीं गेलों. त्यानंतर त्याचें कसें चाललें आहे हें मीं एकदांहि विचारलें नाहीं. दुसऱ्या सत्रांत हजेरी घेतांना त्याच्या नांवाला ओ आली नाहीं, आणि पुढें तें नांव गाळलें गेलें. त्याला कमी गुण होते हें खरें. पण त्या वर्षीं नापास झालों तो मी.