वाटेत थांबणे : खोळंबा की यात्रा?

'तीर्थ' हा शब्द 'तृ' म्हणजे तरून जाणे या संस्कृत धातूपासून सिद्ध झाला आहे. नदी जेथे पायी ओलांडता येते तो उतार, हा त्याचा एक जुना अर्थ. म्हणजेच तीर्थयात्रेच्या कल्पनेतच ओलांडणे अनुस्यूत आहे. नेपाळमधील श्रीमुक्तिनाथाच्या यात्रेत तर नदी, पर्वत आणि देशाची सीमा अशी तिन्ही ओलांडावी लागतात. महाराष्ट्रातील अनेक भाविक मंडळी ही यात्रा गाडीने, रस्तामार्गे करतात. अशा प्रवासात एक प्रश्न हटकून उपस्थित होतो. वेळापत्रकात नसलेले थांबणे हा यात्रेतील व्यत्यय मानावा, की यात्रेचाच भाग? प्रश्न वरवर व्यवहाराचा वाटला तरी मुळात तो नीतीचा आहे.

उत्तर प्रदेशातील सोनौली येथे सीमा ओलांडताच घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे लागते. भारतीय नागरिकांस व्हिसा लागत नाही. पारपत्र किंवा निवडणूक ओळखपत्र जवळ असले म्हणजे पुरते. आपली गाडी नेत असल्यास मात्र 'भन्सार' म्हणजे सीमाशुल्क कार्यालयातून परवाना घ्यावा लागतो. तेथे रांगेत तिष्ठावे लागले तरी आपण ते निमूटपणे सोसतो, कारण तो राज्याचा नियम असतो. हेच आपण पुढे सहप्रवाशासाठी सोसतो का, याचा विचार प्रत्येकाने करावा.

बुटवलपाशी सपाटी संपते आणि रस्ता डोंगरात शिरतो. तानसेन, पोखरा, बेनी असे करीत तो कालीगंडकीच्या खोऱ्यात येतो. एका अंगास ८,१६७ मीटर उंचीचा धवलगिरी, दुसऱ्या अंगास ८,०९१ मीटर उंचीची अन्नपूर्णा. वाटेत तातोपानीचे उष्ण झरे, रस्त्यालगतचा रुप्से धबधबा, मार्फाच्या सफरचंदाच्या बागा आणि जेथे भाविक पितरांसाठी श्राद्धविधी करतात तो कागबेनीचा संगम. अशा ठिकाणी मन सहजच थांबू पाहते आणि त्यात गैर काही नाही. ज्या नदीत शाळिग्राम सापडतात तिच्या काठी दोन घटकाही न बसता पुढे धावणे, ही भक्ती नसून केवळ घाई होय. मात्र अशा थांब्यास मर्यादा आहे. जोमसोमच्या परिसरात दुपारी वारा जोर धरतो, दरडींचे भय असते आणि अंधारापूर्वी मुक्काम गाठण्याची जबाबदारी चालकाच्या शिरावर असते. म्हणून आपल्या हौसेच्या थांब्यास त्याची संमती हवी. तो 'येथे नको' म्हणाला, तर ते मानणे हाही संयमच होय.

खरी कसोटी दुसऱ्याच थांब्याची असते. पोखरा सुमारे ८०० मीटर उंचीवर, तर मुक्तिनाथ सुमारे ३,७०० मीटरवर आहे. गाडीमुळे ही चढण एका दिवसात होऊ शकते. शरीरास मात्र विरळ हवेची सवय होण्यास अवधी लागतो. डोके दुखणे, मळमळणे, धाप लागणे ही लक्षणे दिसली तर वर चढणे थांबवावे. त्रास वाढल्यास खाली उतरणे हाच मुख्य उपाय. तथापि अनेक वयस्क यात्रेकरू 'आपल्यामुळे सर्वांचा खोळंबा नको' म्हणून त्रास लपवितात. हे मौन त्याग वाटते, परंतु त्याचा परिणाम जिवावर बेतू शकतो.

येथे इतरांची बाजूही न्याय्य आहे. कित्येकांनी वर्षानुवर्षे पैसा साठवून ही यात्रा योजलेली असते. पुन्हा येणे घडेलच असे नसते. त्यांच्या हळहळीस स्वार्थ म्हणून हिणवू नये. म्हणूनच निघण्यापूर्वी सर्वांनी मिळून ठरवावे की, कोणास त्रास झाल्यास सोबत कोण राहील आणि परतीचे वाहन कसे मिळेल. हे आधी ठरलेले असले म्हणजे आजारी माणसास बोलण्याचा संकोच वाटत नाही, आणि मागे राहणाऱ्याच्या मनात कडवटपणा उरत नाही.

संत एकनाथांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. रामेश्वरासाठी नेत असलेले गंगाजल त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. नाथांचे ते थांबणे कोणत्याही वेळापत्रकात नव्हते. तरीही त्यांची यात्रा अपुरी राहिली, असे कोणी म्हणत नाही. आजारी सोबत्याचा हात धरून जो जोमसोमलाच थांबला, त्यास मुक्तिनाथाच्या १०८ धारांचे स्नान घडणार नाही. परंतु 'मी' आणि 'माझे पुण्य' ही सीमा त्याने ओलांडलेली असते, आणि सर्व सीमांमध्ये तीच ओलांडण्यास सर्वांत कठीण आहे.

सर्व यात्रेकरू बंधुभगिनींची यात्रा सुखरूप व सुफळ होवो.

॥ शुभं भवतु ॥