वहिवाटदार

सात-बाराच्या उताऱ्यावर कधीकधी देवाचं नाव असतं. भोगवटादाराच्या जागी विठ्ठल-रखुमाईचं किंवा मारुतीचं देवस्थान, आणि त्याखाली वहिवाटदार म्हणून कुणा पुजाऱ्याचं किंवा गुरवाचं नाव. सहकारी बँकेच्या कर्ज विभागात माझी सगळी नोकरी गेली. असा उतारा टेबलावर आला की आम्ही तो बाजूला काढायचो. देवस्थान इनाम, वर्ग तीन. ती जमीन शासनाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, तिच्यावर कर्ज कोण देणार? ती देवाच्याच मालकीची, कारण हिंदू देवतेला कायदा व्यक्ती मानतो. कलकत्त्याच्या मलिक घराण्यात कुलदेवाच्या मूर्तीवरून वाद झाला. आपल्या पूजेची पाळी आली की मूर्ती आपल्या घरी न्यावी की नाही, असा तो वाद होता. तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९२५ साली निकाल लागला, की देवाने कुठे राहावं याबाबत देवाचीही बाजू ऐकली पाहिजे, आणि ती मांडायला या भांडणात ज्याचा स्वार्थ नाही असा माणूस नेमला पाहिजे.

नोकरीत असताना हे सगळं नियम म्हणून माहीत होतं. निवृत्तीनंतर साजगावात घर घ्यायचं ठरलं तेव्हा त्यातला प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. गळ्यात तुळशीची माळ आहे, एकादशी चुकवत नाही, आणि दुय्यम निबंधकासमोर अंगठा टेकवून सांगायचं आहे की ही भिंत, हे परसू, ही विहीर आता माझी. माळकऱ्याने घराला ‘माझं’ म्हणावं का? म्हणायचं तर कोणत्या अर्थाने?

साजगाव खालापूर तालुक्यात, खोपोलीला खेटून आहे, बोरघाटाच्या पायथ्याशी. आज इथे कारखाने आहेत, द्रुतगती मार्गामुळे मुंबई आणि पुणे दोन्ही हाताशी आलं आहे, आणि त्यामुळे जमिनीला भाव आहे. पण या गावाची जुनी ओळख बाजाराची आहे. घाट उतरून आलेला माल आणि किनाऱ्यावरून वर आलेला माल इथे भेटायचा. साजगाव-ताकईच्या बोंबल्या विठोबाची यात्रा कार्तिकी एकादशीला सुरू होते आणि सुमारे पंधरवडा चालते. पाळणे, मिठाई, भांडी हे सगळ्या यात्रांत असतं. इथली खास गोष्ट म्हणजे सुकी मासळी. देवळाच्या वाटेवर बोंबील, सुकट, वाकट्या, सोडे यांचे ढीग लागतात, आणि त्यांच्यामधून टाळ वाजवत दिंड्या जातात.

या विठोबाचं नाव असं का पडलं, याचं एक उत्तर त्या बोंबलांकडे बोट दाखवतं. गावातली म्हातारी माणसं दुसरं सांगतात. तुकोबा देहूहून मिरची घेऊन इथे विकायला यायचे. लोक माल उधार न्यायचे आणि पैसे द्यायचे नाहीत. तुकोबांच्या तोंडून मागणं निघायचं नाही. मग विठोबाच उधारी ठेवणाऱ्यांच्या दारात जाऊन बोंब मारू लागला. तुकोबा मिरच्या घेऊन कोकणात उतरले, लोकांनी त्यांच्या भोळेपणाचा फायदा घेतला आणि पांडुरंगाने त्यांची वसुली केली, ही कथा संतचरित्रकार महिपतींनीही सांगितली आहे.

त्याच तुकोबांची दुसरी कथा सगळ्यांना ठाऊक आहे. १६३०च्या दुष्काळाने घर आणि व्यापार दोन्ही उद्ध्वस्त झाल्यावर त्यांनी लोकांकडच्या येण्याची खतं काढली, अर्धी भाऊ कान्होबाला दिली आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. आयुष्यभर गहाणखतं सांभाळलेल्या माझ्यासारख्याला या कथेतली वाटणी फार मोलाची वाटते. तुकोबांनी भावाच्या वाट्याचा कागद बुडवला नाही, कारण तो त्यांचा नव्हता. आणि जो बुडवला तो दुसऱ्यांकडून त्यांना येणं असलेल्या पैशाचा होता. आपलं दुसऱ्याला असलेलं देणं वैराग्याच्या नावाखाली बुडवता येतं, असं ती कथा कुठेच म्हणत नाही.

दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. येणं सोडायचं की नाही हे भक्ताने ठरवावं. देणं मात्र देव सोडत नाही. साजगावचा विठोबा विकणाऱ्याच्या दुकानात बसलेला नाही, तो घेणाऱ्याच्या दारात उभा आहे. आणि घर घेताना मी घेणारा होतो.

म्हणून व्यवहारात मी दोन गोष्टींवर अडून बसलो. पहिली साधी. मध्यस्थाने सुचवलं होतं की खरेदीखतात किंमत कमी दाखवू, वरचे पैसे हातात देऊ, मुद्रांक शुल्क वाचेल, सगळे असंच करतात. मी पूर्ण रक्कम खतात घालायला लावली. यात मोठेपणा काही नाही. ज्या देवाच्या गावात बुडवलेल्या पैशाची बोंब ऐकू येते, तिथल्या घराचा पहिला कागदच खोटा करणं मला जमणारं नव्हतं.

दुसरी गोष्ट अवघड गेली. घर तिघा भावांच्या नावावर होतं. फेरफार मागे वाचत गेलो तर त्यांच्या दोन बहिणींची हक्कसोडपत्रं निघाली. कागद पक्के होते. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीनंतर मुलींचा वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क आहे, आणि त्यांनी तो राजीखुशीने सोडला असेल तर कायद्याला विचारायला काही उरत नाही. पण हक्कसोड कशी होते हे मी टेबलामागे बसून पाहिलं आहे. भाऊबीजेला माहेरी आलेल्या बहिणीला जेवण झाल्यावर गाडीत बसवून नेतात, सही घेतात आणि साडी देऊन पाठवतात. तिने नाही म्हटलं तर तिचं माहेर तुटतं. मी दोघींच्या घरी गेलो. एक कर्जतला, एक पालीला. धाकटी म्हणाली, “काका, मला काय नको. आईची तुळस तेवढी काढू नका.” थोरली आधी काही बोलली नाही. चहा झाल्यावर म्हणाली, “सही केली तेव्हा किती किंमत येणार हे कुणी सांगितलं नव्हतं.” मी परत येऊन भावांना सांगितलं, की बहिणींना वाटा दिल्याशिवाय मी खत करणार नाही. ते रागावले, दीड महिना बोलणं बंद होतं, मग तयार झाले. दोघींचे धनादेश खरेदीखताच्या दिवशीच निघाले.

आता मूळ प्रश्न. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना मुलं, बायको आणि घर यांत गुंतून न पडणं हेही एक लक्षण मोजलं आहे. ज्ञानेश्वरांनी तिथे वाटसरूची उपमा दिली आहे. वाटेत सापडलेल्या झाडाच्या सावलीबद्दल वाटसरूला जेवढी ओढ, तेवढीही घराबद्दल नसावी. माझी त्यावर पूर्ण श्रद्धा आहे. पण या उपमेचा सोयीचा अर्थ काढणारे पुष्कळ भेटतात. वाटसरू झाडाला पाणी घालत नाही, आणि आळशी माणसाला तेवढंच ऐकू येतं. खालापूरचा पाऊस कसा असतो ते इथे राहणाऱ्यालाच कळतं. वैशाखात घर शाकारलं नाही तर आषाढात ते उभं राहत नाही. घराबद्दल ओढ नको, पण घराचं काम तर करायलाच हवं. मग करायचं कुणाचं म्हणून?

इथे मला तो बाजूला काढलेला उतारा आठवतो. देवस्थानचा वहिवाटदार जमीन कसतो, पीक घेतो, त्यावर त्याचं घर चालतं. पण दिवाबत्ती, पूजा, उत्सव यांचं देणं आधी. जमीन त्याला फुंकून टाकता येत नाही, पडीक ठेवता येत नाही, हिशेब मागितला तर द्यावा लागतो. मी माझ्या मनाच्या उताऱ्यावर तशीच नोंद केली आहे. मालक विठोबा, मी वहिवाटदार. यात घरावरचं प्रेम कमी होत नाही. उलट धाकटीच्या आईची तुळस मी माझ्या बायकोच्या वृंदावनाइतकीच जपतो, कारण ती मला नेमून दिलेली आहे.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला फार गंभीर वाटतो. कर्जत-खालापुरात कातकऱ्यांच्या अनेक वाड्या अशा आहेत, की झोपड्यांखालची जमीन दुसऱ्याच कुणाच्या नावावर आहे. पिढ्या गेल्या तरी गावठाण नाही आणि घराचा कागद नाही. जमिनीला भाव आला की उठवलं जाण्याची भीती पहिल्यांदा त्यांना. अशा माणसाला “सगळं देवाचं आहे, आपण वाटसरू” असं सांगणं क्रूरपणा आहे. घर नश्वर असतं हे या तालुक्यात इर्शाळवाडीला कुणी शिकवायला नको. १९ जुलै २०२३च्या रात्री डोंगर घरांवर आला. जी माणसं वाचली त्यांना वैराग्य नको होतं, पक्कं घर हवं होतं, आणि तसं घर बांधून देणं हाच धर्म होता. मालकी सोडण्याचा उपदेश मालकाने स्वतःलाच करावा. ज्याच्याकडे कागद नाही त्याला कागद मिळवून द्यावा. याच जिल्ह्यात, पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी १९५१ पासून जमीन देवाची आहे असं सांगत देश पायी पालथा घातला, पण जमीन सोडण्याची मागणी त्यांनी जमीनवाल्यांकडे केली. भूमिहीनाला त्यांनी जमीन देऊ केली. वाडीतल्या काही कुटुंबांचे जुने पुरावे गोळा करून गावठाणाचा अर्ज लिहायला मी बसतो, ते याच हिशेबात.

पहिल्या कार्तिकात माझ्या वहिवाटीची परीक्षा झाली. एकादशीच्या आदल्या संध्याकाळी किनाऱ्याकडच्या एक कोळी मावशी पाट्या घेऊन आमच्या ओट्याखाली आल्या. त्यांच्या सासूपासून ती जागा त्यांची. माझ्या गळ्यातली माळ पाहून त्या थांबल्या. “दादा, तुम्ही माळकरी. वास चालंल का? नायतर पलीकडं बसू.” खरेदीखतातल्या चतुःसीमेत ती जागा माझी आहे. मी उत्तर शोधत असताना बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, “विठोबाला इतकी वर्षं चालतंय, यांना का नाही चालणार? बसा मावशी.” पंधरा दिवस आम्ही दार उघडं ठेवून हरिपाठ म्हटला. मी मासळी खात नाही आणि खाणारही नाही. पण त्या बाजारावर किनाऱ्यावरची घरं चालतात आणि डोंगरातल्या माणसांच्या ताटात चार महिने कालवण येतं.

इंग्लंडमध्ये मध्ययुगातले राजे एखाद्या गावाला बाजार भरवण्याची सनद देत, आणि अशा गावांच्या चौकात अजूनही बाजार भरतात. आमच्या यात्रेला तिथीचा आधार आहे आणि लोकांच्या सवयीचा. तो आधार नव्या कुंपणांपुढे टिकेलच असं नाही. हल्ली नव्या वसाहतींतून वासाच्या, गर्दीच्या, भोंग्यांच्या तक्रारी ऐकू येतात. भोंग्यांची तक्रार रास्त आहे, रात्री ते बंदच असावेत. बाकीच्या तक्रारी मला मान्य नाहीत. यात्रा आधीची आहे, आपण नंतर आलो.

तेव्हा साजगावात घर घेणार असाल तर एक विनंती आहे. जागा उन्हाळ्यात पाहू नका. कार्तिकी एकादशीनंतरच्या पंधरवड्यात या, देवळापर्यंत चालत जा, मासळीच्या ढिगांमधून परत या, विकणाऱ्याला बहिणी किती ते विचारा, आणि हे सगळं मान्य असेल तरच इसार द्या.