ऋषिऋण आणि काँगोतले रक्त

१९७६ साली काँगोतल्या, म्हणजे तेव्हाच्या झाईरमधल्या, यांबुकू भागात अज्ञात तापाची साथ आली. ज्याँ-जाक मुयेंबे या तरुण डॉक्टरांनी तिथे हातमोज्यांशिवाय रुग्णांचे रक्त काढले. तपासणीसाठी रक्ताचे नमुने बेल्जियममध्ये अँटवर्पला गेले, इबोलाचा शोध जगभर गाजला आणि त्या कथेत मुयेंबे यांचे नाव कित्येक वर्षे क्वचितच निघाले. गरीब देशांतले संशोधन-सहकार्य का टिकत नाही, याचे उत्तर बहुधा पैशाच्या चणचणीत शोधले जाते. मला मूळ दोष दानबुद्धीचा वाटतो. प्रयोगशाळा ज्याची तो दाता आणि रुग्ण ज्याचे तो याचक, असे दोन्हीकडे गृहीत धरलेले असते. मग दात्याची इच्छा आटली की संबंधही आटतो.

आपल्या परंपरेने ज्ञानाकडे केवळ दान म्हणून नव्हे, ऋण म्हणूनही पाहिले. ऋषिऋण ऋषींना काही परत करून फिटत नाही. ते स्वतः अध्ययन करून आणि पुढच्यांना शिकवून फेडायचे असते. या दृष्टीने पाहिले तर ऋणको कोण, हेच बदलते. काँगोतल्याच किक्वितच्या १९९५च्या इबोला-साथीतून वाचलेल्या एका रुग्णाच्या रक्तातून पुढे इबोलावरचे प्रतिपिंड-औषध घडले. त्याची परतफेड शोधनिबंधाच्या तळाशी आभार मानून होणार नाही. २०१८-१९मध्ये पूर्व काँगोतल्या इबोलाच्या साथीत, गोळीबार चालू असताना, ६८१ रुग्णांवर औषधांची तुलनात्मक चाचणी झाली. तिचे नेतृत्व अमेरिकी संस्थेबरोबर मुयेंबे यांच्या किन्शासातील संस्थेने केले आणि त्या साथीतल्या विषाणूचे जनुकीय वाचनही काँगोतच झाले. ही खरी फेड.

अँटवर्पसारख्या प्रयोगशाळा नसत्या तर विषाणू ओळखलाच गेला नसता, असे कुणी म्हणेल. खरे आहे, त्या वेळी नमुने पाठवणे योग्यच होते. पण निकडीची सोय पुढची कित्येक वर्षे रीत होऊन बसली, याचे समर्थन त्यातून होत नाही. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: ऋणाची भाषा आली की हिशेब येतो आणि हिशेबाने मैत्री मरते. दर नमुन्यामागे मोबदला मागितला तर तसे होईलही. मात्र ऋषिऋण पैसे मोजून मिटवता येत नाही, म्हणून तिथे खाते बंद करण्याचा प्रश्नच उठत नाही. शिवाय ते किन्शासालाही सोडत नाही. राजधानीतली प्रयोगशाळा किक्वितच्या परिचारिकेला केवळ नमुने गोळा करायला लावणार असेल, तर तिच्या बाबतीत किन्शासा हीच अँटवर्प ठरते.