अप्रिय सत्य आणि त्याचे ऋण

एप्रिल २०२१ मध्ये माझ्या वडिलांना ताप आला. ते दिवस कसे होते, हे वसई-विरारच्या कोणत्याही कुटुंबाला सांगावयास नको. मनवेलपाड्याच्या रस्त्यावर रुग्णवाहिकेच्या आवाजाखेरीज आवाज नव्हता, आणि चर्चची दारे बंद होती. शेजारच्या मावशी दारात आल्या व त्यांनी चौकशी केली. मी म्हणालो, “काही नाही मावशी, हवा बदलली आहे.” तपासणीचा निकाल तेव्हा माझ्या खिशात होता. मावशी आत आल्या, वडिलांच्या उशाशी बसल्या आणि त्यांनी रोजरीची पाचही रहस्ये म्हटली. आठवड्याभराने त्यांना रुग्णालयात न्यावे लागले.

वडील बरे झाले, मावशीही अठरा दिवसांनी घरी आल्या. त्यांना आजार आमच्याच घरातून गेला की बाजारातून, हे कोणीच सांगू शकणार नाही. परंतु विवेकबुद्धीला पुरावा लागत नाही. मी खोटे का बोललो? वाडीत घबराट होऊ नये म्हणून, असे मी तेव्हा स्वतःला समजाविले. आपले घर वाळीत पडू नये म्हणून, हे खरे उत्तर होते. ज्या सत्याने माणसे घाबरतील ते सत्य सांगावे की लपवावे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे. त्याचा विचार करताना मला एका गोवेकर ख्रिस्ती डॉक्टरांचे चरित्र वारंवार आठवते.

मुंबईत धोबीतलावाजवळ, मेट्रो चित्रपटगृहासमोर, एक पुतळा उभा आहे. आपल्यापैकी कित्येकजण त्याच्यासमोरून गेले असतील. तो डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांचा. बार्देशातील हडफडे येथे १८५६ साली जन्मलेल्या या मुलाने मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यकीचे शिक्षण घेतले आणि मांडवी भागात दवाखाना थाटला. बंदराजवळचा हा भाग म्हणजे धान्याची गोदामे, दाटीवाटीच्या चाळी, कोंदट अंधाऱ्या खोल्या आणि तुंबलेली गटारे. रुग्णांची नाडी पाहता पाहता डॉक्टरांच्या ध्यानात आले असावे की, या आजारांचे मूळ औषधाच्या बाटलीने उपटले जाणारे नाही. ते नगरसेवक झाले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत त्यांना एक विचित्र ताप दिसला. जांघेत व काखेत गाठी येत आणि काही दिवसांत रोगी दगावे. डॉक्टरांनी ओळखले की हा ग्रंथिज्वर, म्हणजे प्लेग आहे. ही गोष्ट त्यांनी आपल्या वहीत लिहून ठेवली नाही. महापालिकेपुढे उघडपणे मांडली. मुंबई हे व्यापाराचे बंदर. ‘प्लेग’ हा शब्द उच्चारताच परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना दारे लावणार, गिरण्या ओस पडणार, हे सर्वांना कळत होते. म्हणूनच अनेकांना हा ताप ‘संशयास्पद’ वाटत होता, परंतु ‘प्लेग’ म्हणवत नव्हता. पुढे इतर तज्ज्ञांनीही डॉ. व्हिएगस यांचे निदान खरे ठरविले.

आता प्रश्न असा की, या सत्याने काय साधले? १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या आठ लाखांवर होती. १८९७ च्या आरंभापर्यंत त्यातील निम्मी माणसे शहर सोडून गेली होती. पळणाऱ्यांबरोबर रोगही गावोगाव पोहोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोगांचा कायदा केला. त्याच्या आधारे पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरे धुंडाळली, देवघरे विटाळली, स्त्रियांची अप्रतिष्ठा केली. त्या संतापातून २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. मग कोणी म्हणेल, डॉक्टर गप्प राहिले असते तर हे टळले नसते काय?

हा आक्षेप हलका नव्हे. परंतु त्यात एक गफलत आहे. रोग डॉक्टरांच्या शब्दाने आला नव्हता. तो गोदामांतील उंदरांत आधीच होता. ते गप्प बसले असते तर माणसे मेलीच असती, फक्त कशाने मेली हे न कळता मेली असती. शिपायांचा उद्दामपणा हे सत्याचे अपत्य नव्हते. प्रजेला विश्वासात न घेता तिच्यावर उपाय लादणाऱ्या सत्तेचे ते पाप होते. तरीही एवढे मान्य केलेच पाहिजे की, सत्य सांगून मोकळे होता येत नाही. सांगणाऱ्यावर त्या सत्याचे ऋण चढते.

ते ऋण डॉ. व्हिएगस यांनी कसे फेडले ते पाहावे. पळून जाणाऱ्यांत ते नव्हते. वस्त्यांची सफाई व्हावी, उंदरांचा नायनाट व्हावा, यासाठी त्यांनी मोहीम चालविली. हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्याच अंगावर टोचून घेतली. लोक सुईला भीत होते. अशा काळात डॉ. व्हिएगस यांनी सुमारे १८,००० माणसांना आपल्या हाताने लस टोचली, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. १९०६ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय ख्रिस्ती.

मात्र धैर्याने जागेवर उभे राहिले म्हणजे सर्व झाले, असेही नाही. याला अमेरिकेतील एक उदाहरण आहे. डॉ. बेंजामिन रश हे फिलाडेल्फियाचे वैद्य. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी ते एक. १७९३ मध्ये त्या शहरात पीतज्वराची साथ आली. सुमारे ५०,००० वस्तीच्या शहरात ५,००० माणसे दगावली. मोठमोठे लोक पळाले, डॉ. रश थांबले, रोज असंख्य रोगी तपासत राहिले, स्वतः आजारी पडले. परंतु त्यांचा उपचार होता रोग्याचे भरपूर रक्त काढण्याचा आणि पाऱ्याचे जुलाब देण्याचा. सहकाऱ्यांनी हरकत घेतली तरी ते हटले नाहीत. कृष्णवर्णीयांना हा ज्वर होत नाही, अशीही त्यांची समजूत होती. तिच्यावर विसंबून त्या समाजाची माणसे शुश्रूषेला पुढे आली आणि त्यांतील अनेकजण बळी पडले. डॉ. रश यांच्या हेतूत खोट नव्हती आणि धैर्यातही नव्हती. उणीव होती ती आपण चुकत असू, या शंकेची.

वाचकहो, या दोन चरित्रांतून मला सत्याच्या तीन अटी दिसतात. ते सांगावे, सांगितल्यावर पळून जाऊ नये, आणि आपले सत्य दुसऱ्याला तपासू द्यावे. व्हिएगस यांचे निदान इतरांनी पारखले आणि ते टिकले. रश यांनी आपला उपचार पारखूच दिला नाही. संत लूक हा वैद्य होता, अशी आपली परंपरा सांगते. त्याच्याच शुभवर्तमानात तो शोमरोनी भेटतो, जो जखमी प्रवाशाच्या जखमा प्रथम नीट पाहतो, मग बांधतो आणि खर्चाची हमी घेऊनच पुढे जातो. न पाहता केलेली दया आणि पाहून केलेले पलायन, दोन्ही अपुरीच.

वांद्र्याच्या गल्ल्यांत प्लेगच्या काळी उभारलेले क्रूस आजही दिसतात. त्या क्रुसांपुढे मेणबत्ती लावणाऱ्यांनी आपल्या घरातला रोग शेजाऱ्याला सांगितला असेल की लपविला असेल? दोन्ही घडले असेल. माणूस तेव्हाही माणूसच होता.

गेल्या उपवासकाळात मी मावशींकडे गेलो आणि खिशातल्या त्या कागदाची गोष्ट सांगितली. त्या तांदूळ निवडीत होत्या. हात न थांबविता म्हणाल्या, “मला संशय होताच रे.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “तू सांगितलं असतंस तरी मी आलेच असते. तोंड-नाक नीट बांधून आले असते, दारातच बसले असते आणि नातीला मागं घरी ठेवलं असतं. ती माझ्या पदराला धरून आत आली होती, ते तुला आठवतं का?”

मला आठवत नव्हते. त्या दिवशी त्या लेकराकडे मी पाहिलेच नव्हते. ती आजारी पडली नाही, ही परमेश्वराची कृपा. माझे पुण्य त्यात काही नाही. माझ्या खोट्याने मावशींचे प्रेम अडले नाही, पण त्या प्रेमाने कसे यावे, हे ठरविण्याचा त्यांचा हक्क मात्र मी हिरावून घेतला होता.