बोरविहीर राहिलं

धुळ्याच्या आमच्या शाळेत एक मुलगा होता. चाळीसगाव लाइनीवरची सगळी स्टेशनं त्याला पाठ. मोहाडी, बोरविहीर, शिरूड, मोरदड तांडा, राजमाने, जामदा, भोरस, चाळीसगाव. मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून तो ती एका सुरात म्हणायचा आणि म्हणताना शर्टाचं खालचं बटण फिरवत राहायचा. पाठांतर पुष्कळांचं असतं, त्यात गंमत नव्हती. गंमत आम्ही शोधून काढली. कुणीतरी त्याच्यासमोर जाऊन साळसूद चेहऱ्यानं विचारायचं, "मोहाडीनंतर शिरूड ना भो?"

"बोरविहीर राहिलं."

"नाही रे, शिरूडच."

"बोरविहीर राहिलं."

चौथ्या-पाचव्या खेपेला त्याचा आवाज चिरकायचा. मग तो कानांवर हात दाबून मागेपुढे डोलायला लागायचा, आणि भोवती कडं करून उभे असलेले आम्ही दहा-पंधरा जण पोट धरून हसायचो. प्रश्न विचारणारा मी कधीच नव्हतो. मी कड्यात असायचो. पुढे पुष्कळ वर्षं मी हे स्वतःच्या बाजूचा पुरावा म्हणून वापरलं.

या गोष्टीला चाळीस वर्षं झाली. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा शब्द आमच्या शिक्षकांच्याही कानावर तेव्हा आला नसावा. तो मुलगा स्वमग्न होता का, हे मी आज ठरवणार नाही. आठवणीवरून निदान करण्याचा उद्योग बरा नव्हे. पण स्वमग्न मुलांना शाळेत जे सोसावं लागतं त्याबद्दल वाचलं की मला ते बटण दिसतं.

तोच का सापडला? आमच्यातल्या दुसऱ्या कुणाला असं छेडलं असतं तर तो तिसऱ्या वेळी म्हणाला असता, "बरं बाबा, शिरूड तर शिरूड," आणि निघून गेला असता. एवढंसं खोटं बोलून सुटका करून घेणं ही आम्हाला न शिकवता आलेली विद्या होती. त्याला प्रश्न हा प्रश्नच वाटायचा. विचारणाऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्यात दबलेलं हसू त्याला दिसत नसे, किंवा दिसत असेल तरी चुकीचं स्टेशन तसंच सोडून देणं त्याला जमत नसे. शिवाय त्याच्या बाजूनं बोलणारा मित्र नव्हता. एकटा, सरळ आणि हमखास चिडणारा. टिंगल करणाऱ्याला आणखी काय हवं असतं?

मराठीनं अशा मुलासाठी एक नाव तयारच ठेवलं आहे, चिडका बिब्बा. बिब्बा अंगावर उततो हे खरं. पण तो कुणी ठेचला, ही चौकशी या नावात कुठेच नाही. 'मस्करीची कुस्करी' म्हणतानाही आपला रोख बहुधा चिडणाऱ्यावरच असतो. आमच्या बाईंचं म्हणणंही तेच असायचं: "तू लक्षच देऊ नको ना रे त्यांच्याकडे." कड्याला कुणी काही म्हणत नसे.

फिनलंडच्या संशोधक क्रिस्टिना साल्मिव्हाली यांनी 1996 साली वर्गातल्या छळाकडे पाहताना या कड्यालाच हात घातला. छळणारा आणि छळला जाणारा या दोघांपलीकडे त्यांनी बाकीच्या वर्गाच्या भूमिका मांडल्या. कुणी मदतनीस, कुणी हसून जोर देणारा, कुणी तोंड फिरवणारा, एखादाच आड येणारा. छळणाऱ्या पुढारी मुलाला छळल्या जाणाऱ्या पोराशी काही देणंघेणं नसतं. त्याला बाकीच्यांच्या नजरेत मोठं व्हायचं असतं, आणि ते मोठेपण आमच्या हसण्यातून त्याच्या पदरात पडतं. आम्ही हसलोच नसतो तर बोरविहीरचा खेळ दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला नसता.

कॅनडात टोरांटोच्या शाळांमध्ये मैदानावर कॅमेरे लावून आणि मुलांच्या अंगावर छोटे मायक्रोफोन ठेवून संशोधकांनी असे प्रसंग टिपले. 2001 साली त्याचे निष्कर्ष छापून आले. शंभरातल्या 88 प्रसंगांत दुसरी मुलं तिथे हजर होती. मध्ये पडणारं कुणी निघालं ते जेमतेम 19 प्रसंगांत. पण जेव्हा कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा तो छळ 10 सेकंदांत थांबला. दहा सेकंद! "जाऊ दे रे, बोरविहीरच आहे ते," एवढं वाक्य म्हणायला तेवढेही लागत नाहीत.

राहिला प्रश्न न कळण्याचा. स्वमग्न माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही, असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. डेमियन मिल्टन हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न आहेत. 2012 साली त्यांनी उलटं विचारलं: तुम्हाला तरी आमचं कुठे कळतं? न कळणं दोन्हीकडून आहे, मग दोष एकाच्याच नावावर का? खानदेशी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. आमचा पोरगा पुण्याच्या होस्टेलवर जातो आणि पहिल्याच दिवशी "मी जेवाले जाऊ राहिलो" म्हणतो. खोलीभर हशा पिकतो. त्याला बोलता येत नाही, असं ठरून जातं. तोच पोरगा धुळ्याच्या एसटी स्टँडवर "कथा जाई राहिना रे भो?" विचारतो तेव्हा अर्धा शब्दही वाया जात नाही. एडिंबरातल्या संशोधकांनी 2020 साली एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला गोष्ट सांगत नेण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. सगळेच स्वमग्न असलेल्या साखळीत ती गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. सांडली ती मिश्र साखळीत. म्हणजे भाषा होती, बोली वेगळी होती.

आणखी एक प्रयोग मला जास्त बोचतो. संशोधक नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात लोकांना स्वमग्न माणसांच्या काही सेकंदांच्या चित्रफिती दाखवल्या. पाहणाऱ्यांनी तेवढ्यात ठरवलं, याच्याशी बोलावंसं वाटत नाही. मग तेच बोलणं आवाज आणि चेहरा काढून नुसतं कागदावर वाचायला दिलं. नावड नाहीशी झाली. बोलण्यात खोट नव्हतीच. नजर कुठे आहे, सूर कसा आहे, हात काय करताहेत, यावर माणूस नापास झाला होता. बटण फिरवण्यावर.

कडं शाळेबरोबर संपत नाही. जळगावच्या डॉ. पायल तडवी यांनी 22 मे 2019 रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या वसतिगृहात आत्महत्या केली. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप कुटुंबानं केला आणि खटला उभा राहिला. ती गोष्ट आदिवासी असण्याची आहे, तिला स्वमग्नतेशी जोडून दोन्हींचा काला करू नये. पण अशा बातमीत आरोपींची नावं वाचून झाल्यावर मी आता त्या इमारतीतल्या बाकीच्या खोल्यांचा विचार करतो. भिंती काही इतक्या जाड नसतात.

दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान केला तर 2016 च्या कायद्याच्या कलम 92 नुसार सहा महिने ते पाच वर्षं कैद होऊ शकते. त्या कायद्याच्या 21 दिव्यांगत्वांत स्वमग्नता आहे. कायदा हवाच. मधल्या सुट्टीत मात्र तो मैदानावर नसतो.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी जुना वर्गाचा फोटो टाकला. तो त्यात कडेला उभा आहे, मान वळवून, बहुधा बटणाकडे बघत. ग्रुपमध्ये तो नाही. त्याचा नंबर कुणाकडेच नाही. फोटोखाली लगेच पहिला मेसेज आला, "मोहाडी, शिरूड, मोरदड तांडा..." आणि मागोमाग हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग. पन्नाशी ओलांडलेली माणसं आम्ही, कुणी बँकेतून निवृत्त, कुणी आजोबा.

मी टाइप केलं, "बोरविहीर राहिलं."

पाठवल्यावर लक्षात आलं, त्यांना हा त्याच खेळातला माझा डाव वाटणार. वाटलाच. माझ्या मेसेजखाली आणखी सहा हसरे चेहरे आले.